अर्ध्या सेकंदाचं बटण

बटण विकत घेण्याआधी ते कानाशी धरून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बेळगावात, उद्यमबागेत एका भंगाराच्या दुकानासमोर जुन्या लेथ मशीनमधून काढलेल्या बटणांची पाटी असायची. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसायचे, एकेक बटण उचलून कानाशी न्यायचे, दाबायचे, सोडायचे आणि मान हलवून परत पाटीत टाकायचे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मी दहा मिनिटं स्कूटीवर बसून हे बघितलं आणि मग न राहवून विचारलं, "अण्णा, काय ऐकताय?"

"दाबताना सगळीच बोलत्यात म्याडम," ते म्हणाले. "सोडताना कोण बोलतंय ते बघालोय."

आता ह्याला उत्तर म्हणायचं का? पण अण्णांची उत्तरं अशीच असायची. प्रश्न एकीकडे, उत्तर भलतीकडेच, आणि मध्ये आपण उभे. त्यांच्याबरोबर मी दीड वर्ष एक काम केलं आणि त्यातला बराचसा काळ मी नुसती गोंधळलेली होते, हे आधीच कबूल करते. माझा स्वभाव तापट. गोंधळले की मी चिडते. मी चिडले की अण्णा खिशातून शेंगदाणे काढून पुढे करायचे, त्यामुळं त्या दीड वर्षात माझं वजनही वाढलं.

अण्णा आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबचे असिस्टंट. मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती तेव्हा एक दिवस ते स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. दारात उभं राहणं हीसुद्धा त्यांची सवय. आत या म्हटलं की म्हणायचे, "असूंदे, हितनं दिसतंय." हातात एक हिरवा बोर्ड होता, पत्त्याच्या पानाएवढा. हल्ली मिळतात तसला, अख्खा कॉम्प्युटर एवढ्याशा पाटीवर बसवलेला, कडेला चाळीस पिना.

"म्याडम, ह्याच्यात जुना व्हिडिओ गेम चालतोय म्हणं. व्हय?"

"चालतो की."

"मग ह्याला बाहेरनं बटणं लावायची हायत. खरी. बोटाला लागणारी. वायरी मी वडतो, आतलं लिवायचं तेवढं तुमी लिवा."

अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा नातवासाठी असायचा प्रश्नच नाही. मी विचारलं, कुणासाठी?

"आक्कासाठी. माझी थोरली भैन."

"वय काय त्यांचं?"

"चौसष्ट. का, वयाची अट हाय व्हय गेमला?"

पुढं आक्काची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी कळली, आणि त्यांनी सांगितली तशी सांगितली तर तुम्हीही माझ्यासारखेच गोंधळाल, म्हणून मी सरळ सांगते. ह्यांच्या वडिलांचं निपाणीला स्टँडजवळ कोल्ड्रिंक हाऊस होतं. तिथं कोपऱ्यात कुणीतरी कोल्हापूरहून आणून व्हिडिओ गेमचं मशीन ठेवलं होतं, कपाटाएवढं, नाणं टाकून खेळायचं. वरून किडे खाली येतात, खाली एक विमान, ते डावीउजवीकडे सरकवत किडे मारायचे. वडील गोदामाकडं गेले की गल्ल्यावर आक्का बसायची. दुपारी स्टँड मोकळं झालं की ही मुलगी एक डोळा दारावर ठेवून स्वतःच खेळायची. मशीनवर सगळ्यांत जास्त गुण करणाऱ्याची तीन इंग्रजी अक्षरं दिसायची. दोन वर्षं तिथं एकच नाव होतं आणि ते कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेजची पोरं म्हणायची, बेळगावहून कॅम्पातला कुणी मिलिटरीवाला येऊन खेळून जातो. आक्का गल्ल्यावर बसून ते ऐकायची आणि त्यांना सोड्याच्या बाटल्या फोडून द्यायची.

मग लग्न झालं, आक्का सासरी गेली. पुढं नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, ती धाकट्या भावाकडं, म्हणजे अण्णांकडं, पिरनवाडीला राहायला आली. आणि सहा वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या चालू झाल्या. अण्णांनी घरातलं एकूण एक काम तिच्या हातातून काढून घेतलं. स्वयंपाक स्वतः करायला लागले, तोही लॅबमधलं स्टॉपवॉच लावून. भाकऱ्या गल्लीतल्या एका बाईकडून यायच्या. धुणं, भांडी, पाणी भरणं, सुईत दोरा ओवणं, सगळं अण्णा. आणि आक्का हळूहळू हात पदराखाली ठेवायला लागली. लग्नाला जायची बंद झाली, हळदीकुंकवाला जायची बंद झाली, शेजारीण आली तरी हात पदराखालीच.

"एक डाव," अण्णा मला म्हणाले होते. "हात असे उघड्यावर ठेवून तिनं एक डाव खेळूंदे. मग बघा, मी तिला कुठं कुठं न्हेतो ते."

त्यांना एवढंच हवं होतं. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. बाकी काहीच कळलं नाही.

आता त्या बटणांचा प्रकार सांगते. बटणाची एक तार बोर्डाच्या पिनेला, दुसरी ग्राउंडला. आपण बटण दाबलेलं नसतं तेव्हा पिनेवर एक असतो. दाबलं की शून्य होतो. म्हणजे स्क्रिप्टमध्ये, आपल्या प्रोग्रॅममध्ये, लिहायचं ते उलटं: शून्य आला तर दाबलं असं समज. पोरांना हे शिकवताना माझा घसा सुकतो. अण्णांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की मला वाटलं ह्यांना काहीतरी वेगळंच ऐकू गेलं.

"म्हंजे गप बसलेला माणूस एक, आणि तोंड उघडलं की शून्य. बरोबर हाय म्याडम. एकदम बरोबर हाय."

त्या दिवसापासून कॉलेजातली माणसं ते असं मोजायला लागले. मीटिंगमधून बाहेर आले की माझ्या कानाशी पुटपुटायचे, "आज प्रिन्सिपॉलसाहेब लई येळ शून्य हुते." मी हसू दाबत वर्गावर जायची. पण स्वतः अण्णा त्या हिशोबात कुठं बसायचे कोण जाणे. ते बोलायचे भरपूर, फक्त विचारलेलं सोडून.

पहिले तीन आठवडे आमचा खेळ डाव्या बटणापाशी अडकला. डावं बटण दाबलं की विमान डावीकडं जायच्या ऐवजी अख्खं मशीन बंद पडायचं. मी स्क्रिप्ट दहादा वाचली, अण्णांनी वायरी दहादा सोडून परत जोडल्या. मशीनशी ते कानडीत बोलायचे. "याक? याक हिंग माडती?" का, का असं करतोस, असं लाडानं विचारायचे, आजारी जनावराला विचारतात तसं. माझ्याशी मराठी, प्रिन्सिपॉलांशी इंग्रजीचे चार शब्द, मशीनशी कानडी. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "मशीनला मराठी शिकवायची कुणी?"

शेवटी कळलं ते असं. त्या पिनांना दोन-दोन नंबर असतात. एक नंबर पिन कुठल्या जागेवर आहे त्याचा, दुसरा आतल्या चिपनं तिला दिलेला. अण्णा जागेप्रमाणं मोजून वायरी लावत होते आणि मी चिपचे नंबर लिहीत होते. डाव्या बटणाचा मी लिहिलेला नंबर त्यांच्या मोजणीत नेमका मशीन बंद करायच्या पिनेवर पडत होता. मी टेबलावर हात आपटला. इतकी वर्षं शिकवतेय आणि हे पहिल्या दिवशी विचारायला नको? अण्णांनी शेंगदाणे पुढं केले.

"त्याच्यात काय म्याडम. आपल्या बेळगावाला पण दोन नावं हायतच की. कोण कुठल्या नावानं हाक मारालंय ते बघायचं, मग वळायचं."

त्यानंतर त्यांनी प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर दोन्ही नंबर, आणि खाली बारीक अक्षरात 'आक्काचं'. स्क्रिप्टमध्येही प्रत्येक बटणाच्या वर मराठीत एक ओळ लिहायला लावली. मशीन ती ओळ वाचत नाही, असं मी सांगितलं. "माणूस वाचतोय की," ते म्हणाले. म्हणून आजही माझ्या लॅपटॉपवर एक पायथनची फाईल आहे, तिचं नाव 'गुरुवार', आणि तिच्यात लिहिलंय, 'हे उजवं. हळू दाबलं तरी ऐक.' फायलींना वाराची नावं द्यायची ही त्यांचीच पद्धत. सात झाल्या की आठवीला काय नाव द्यायचं म्हणून मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, "आमोशा."

एकदा तर त्यांनी मला नोकरीवरनंच घालवलं असतं. कॉलेजात तपासणीची कमिटी येणार होती आणि सेमिनार हॉलमधला प्रोजेक्टर चालतो की नाही ते बघायचं काम अण्णांकडं होतं. प्रोजेक्टर बघायचा तर काहीतरी लावून बघायला पाहिजे, म्हणून त्यांनी आमचं मशीन लावलं. कमिटी वेळेच्या अर्धा तास आधी आली. पडद्यावर हात-हातभर लांबीचे किडे रांगेनं खाली येतायत, खाली अण्णा लाल बटणावर तळहात ठेवून उभे, आणि शेजारी मी. अध्यक्षबाईंनी हिंदीत विचारलं, हे काय? अण्णा म्हणाले, "लोड टेस्टिंग म्याडम." त्या बाईंनी वाकून हिरवं बटण दाबलं, विमान सरकलं, त्यांनी परत दाबलं. पाच मिनिटं त्या खेळल्या. अहवालात त्यांनी 'विद्यार्थ्यांसाठी अभिनव उपकरण' असं लिहिलं आणि पुढं वर्षभर प्रिन्सिपॉल मला विचारत राहिले, ते अभिनव उपकरण कुठं आहे? मी काय सांगणार? ते एका जुन्या गॅल्व्हानोमीटरच्या लाकडी पेटीत, पिरनवाडीला, पलंगाखाली होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या मनात अजून तिचा गुंता सुटलेला नाही.

बटण आपण एकदा दाबलं तरी आतली पत्र्याची पट्टी दोन-चारदा थडथडते. मशीन एवढं जलद की त्याला वाटतं चारदा दाबलं. म्हणून स्क्रिप्टमध्ये सांगून ठेवायचं असतं, एकदा ऐकलंस की क्षणभर कान बंद ठेव. हा क्षण म्हणजे सेकंदाचा विसावा-पन्नासावा भाग. आपल्याला तो जाणवतही नाही. मी तेवढा लिहिला आणि गेम सुरेख चालायला लागला. एका दाबाला विमान एक घर सरकायचं, बरोबर एक.

अण्णांनी चार दिवस तो खेळून बघितला आणि येऊन दारात उभे राहिले. "म्याडम, हे आपल्या हाताला झालं. आक्काच्या हाताचं काय?"

मुद्दा खरा होता. थरथरत्या बोटानं एकदा दाबायला जावं तर चारदा दाबलं जाणार. विमान कुठल्या कुठं जाणार आणि मरणार. "आणि तिला वाटंल, हातामुळं मेलं," अण्णा म्हणाले. म्हणून तो कान बंद ठेवायचा वेळ वाढवायचा. पण किती? तर ह्या माणसानं काय केलं असेल? रोज संध्याकाळी आक्का टीव्ही बघायला बसली की हे मागं खुर्ची टाकून बसायचे, लॅबचं स्टॉपवॉच घ्यायचे आणि तिचा पदर सेकंदाला किती वेळा हलतो ते मोजायचे. महिनाभर. वही भरली. "सेकंदाला पाचदा," त्यांनी मला सांगितलं, "सोमवारी थोडं जादा."

पुढचं ऐका. लॅबमधल्या एका यंत्राला त्यांनी छोटा दिवा जोडला, तो सेकंदाला पाचदा लुकलुकेल असा लावला, आणि त्याच्याकडं बघत बघत स्वतःचा उजवा हात त्याच तालात थरथरवायला शिकले. रोज मधल्या सुट्टीत बंद लॅबमध्ये हा माणूस एकटा बसून हात थरथरवतोय. व्हायचं तेच झालं. अर्ध्या स्टाफला वाटलं, बहिणीचं दुखणं भावालाही लागलं. शिपायानं त्यांच्या हातात चहाचा कप देणं बंद केलं, टेबलावर ठेवायला लागला. अण्णांनी कुणालाही खरं सांगितलं नाही. मला तर काय, हसावं की रडावं, कळेना.

त्या शिकवलेल्या हातानं ते बटण दाबायचे आणि मी आकडा वाढवायची. विमान चार घरं गेलं, वाढवा. दोन घरं गेलं, वाढवा. शेवटी अर्ध्या सेकंदावर आणला तेव्हा त्यांच्या थरथरत्या बोटाखाली विमान एका दाबाला एकच घर सरकलं. अण्णांचा चेहरा असा फुलला की मी पंधरा दिवसांचा राग विसरले. साध्या हातानं तो गेम आता खेळवत नव्हता, दाबलं तरी ऐकायचा नाही. पण तो साध्या हातासाठी नव्हताच ना? ह्या सगळ्यात एकदाही, एकदासुद्धा, आम्ही आक्काला म्हटलं नाही की जरा ह्या बटणावर बोट ठेव. तिला वाईट वाटेल म्हणून. मी शिकलेली बाई, वर्गात पोरांना बजावते की ज्याच्यासाठी बनवताय त्याला आधी दाखवा. आणि मीही गप्प बसले.

एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी पिरनवाडीला गेले. आक्का पलंगावर बसलेली, पदर घट्ट ओढून घेतलेला. बोलायला इतकी गोड बाई की मला आश्चर्य वाटलं. "ये पोरी," ती म्हणाली. "ह्यो तुला लई तरास द्यालाय न्हवं?"

अण्णांनी टीव्हीला पेटी जोडली. पेटीवर डावंउजवं अशी दोन हिरवी बटणं आणि गोळीचं मोठं लाल बटण. किडे खाली यायला लागले. आक्का बघत राहिली.

"आवाज बारीक हाय," एवढंच म्हणाली.

"खेळ की," अण्णा म्हणाले.

"मी न्हाय. तू खेळ."

अण्णा खेळायला बसले आणि त्या बहिऱ्या बटणांवर तीनदा मेले. आक्का पलंगावरून सांगायला लागली, डावीकडनं ये, आरं तसं न्हवं, आधी कडंचा मार. चौथ्यांदा मेले तेव्हा तिला राहवलं नाही. "सरक तिकडं," असं म्हणत ती खाली उतरली, आणि भावाला बाजूला ढकलण्यासाठी तिचे दोन्ही हात पदराबाहेर आले.

मी मान वळवली. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसतच होतं. मांडीवर होते तोवर हात थरथरत होते, चांगलेच. बोटं बटणांवर बसली आणि थरथर ओसरली. अगदी थांबली नाही, पण ओसरली. मला वाटलं, मला नीट दिसत नसेल. म्हणून मी सरळ वळून बघायला लागले. आक्काची बोटं पटापट चालत होती, टक-टक-टक, डावं, डावं, उजवं, गोळी. चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी त्या बोटांना आठवत होतं. आणि पडद्यावर विमान? ते जागचं हलत नव्हतं. तीन दाबांतला एक ऐकत होतं, दोन गिळत होतं. मेलं. परत सुरू. परत मेलं. आणि परत.

आक्कानं हात उचलले आणि पदराखाली घेतले.

"हातच गेला माझा," ती म्हणाली. रडली नाही. नुसतं सांगितलं.

अण्णा माझ्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, आनी थोडं वाढवूया का?"

माझं डोकं फिरलं. "काय वाढवूया? अण्णा, हात चांगला चालतोय त्यांचा. बटण बहिरं आहे. आपण केलंय ते बहिरं, तुम्ही आणि मी."

त्यांना कळेना. ते एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा आक्काच्या पदराकडं, आणि पदर तर हलतच होता. मी लॅपटॉप उघडला, अर्धा सेकंद खोडला, पहिला आकडा परत घातला. मशीन परत चालू झालं, पण आक्का हात बाहेर काढीना.

"बास झालं. ठेव ते आत."

मग अण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सरळ बोलताना ऐकलं, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना. "आक्का, बटणात खोट मी घातलीया. तुझा हात सेकंदाला पाचदा हालतोय म्हणून मीच त्याला हळू ऐकायला लावलं. मी मोजलोय. वही हाय माझ्याकडं."

"माझा हात मोजलास? कवा?"

"टीव्ही बघताना."

"टीव्ही बघताना हाताला काय काम असतंय रं? रिकामा हात हालतोच. कामाला लागला की ऱ्हातोय थोडा. बोटं जड हुत्यात, येळ लागतोय, पण ऱ्हातोय. मला इचारलास कवा?"

अण्णा खिशात शेंगदाणे चाचपायला लागले.

"सा वर्सं झाली," आक्का म्हणाली, "पिठाला हात लावू दिला न्हाईस मला."

मग तिनं हात बाहेर काढले आणि खेळायला लागली. आता विमान ऐकत होतं. खरं सांगायचं तर काही चमत्कार झाला नाही. पहिला फेरा तिनं झटक्यात मारला, दुसऱ्यात बोटं जड व्हायला लागली, तिसऱ्यात मेली. पण मरताना ती पुढं झुकून, दात ओठांवर रोवून खेळत होती आणि हात उघडे होते. मी आणि अण्णा दोन्हीकडं बसून बघत होतो. गेम संपला तशी तिनं मनगट चोळलं, म्हणाली, "ह्यो दुसऱ्या फेऱ्यातला कोपऱ्यातला मुडदा तेव्हापण असाच यायचा," आणि उठून आत स्वयंपाकघरात गेली.

परात खाली ठेवल्याचा आवाज आला. अण्णा सवयीनं अर्धे उठले. "आक्का, असूंदे, मी—" आणि मग माझ्याकडं बघून परत बसले. त्यांचे हात मांडीवर होते. आत पीठ मळलं जात होतं, मध्येच थांबत होतं, परत मळलं जात होतं. त्या थांबण्यात उठून आत न जाणं ह्या माणसाला किती जड जात होतं, ते मी शेजारी बसून बघत होते. मला त्यांचा राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. वाईट वाटायला लागलं, तेही नक्की कुणासाठी ते कळेना.

मग तिनं आम्हाला आत बोलावलं. पुढ्यात भाकरी आली ती एका बाजूनं जाड, कडेला फाटलेली. अण्णांनी तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"आक्का, सा वर्सं तू बोलली का न्हाईस? एकदा म्हणायचं हुतं, माझा हात चालतोय म्हणून."

आक्का तव्याकडं वळलेली होती. दुसरी भाकरी तिनं उलटली, थोडी घडी पडली, ती बोटानं सरळ केली.

"तू इतक्या मायेनं करालतास," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्याला एवढंच एक काम हाय. ते पण मी कशाला काढून घिऊ?"